अ‍ॅड ब्लॉकर लावला म्हणजे नाव झाकले गेले का?

मुलुंड पूर्वेतील एका गृहनिर्माण सोसायटीच्या सभासद असलेल्या बाईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या इमारतीच्या पुनर्विकासासाठी बिल्डर निवडताना निविदांची प्रक्रिया नीट पाळली गेली नाही, असे त्यांचे म्हणणे असून त्याविषयी इंटरनेटवर नाव न देता लिहिण्याचा त्यांचा विचार आहे. ब्राउझरमध्ये त्यांनी जाहिराती अडवणारा अ‍ॅड ब्लॉकर बसवला आहे, लिहायला बसताना त्या इतिहास न साठवणारी इन्कॉग्निटो खिडकी उघडतात आणि आपली इंटरनेट वाहतूक दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून फिरवणाऱ्या एका व्हीपीएन सेवेचे वर्षभराचे पैसेही त्यांनी भरले आहेत. एवढ्याने आपण निनावी झालो का, उद्या कोणी कोर्टात गेले तर आपले नाव बाहेर येऊ शकते का, आणि ज्या लहान मराठी वृत्तस्थळांवर आपल्यासारख्यांचे प्रश्न मांडले जातात त्यांच्याच जाहिराती अडवणे म्हणजे त्यांच्या पोटावर पाय देणे नव्हे का, असे त्यांनी विचारले आहे.

नेटवर्क सुरक्षेच्या कामात पत्रकार, वकील आणि असेच अडचणीत आलेले सोसायट्यांचे सभासद यांच्याशी माझा बराच संबंध आला आहे. त्या अनुभवावरून पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे 'नाही' असे द्यावे लागते. तुम्ही घेतलेली तिन्ही साधने आपापल्या जागी उपयोगी आहेत, परंतु प्रत्येक साधन तुम्हाला वेगवेगळ्या पक्षापासून झाकते, आणि तुम्हाला ज्यांची धास्ती आहे ती सोसायटीची कमिटी, बिल्डर व त्याचा वकील हे त्या पक्षांत कुठेच येत नाहीत. त्यामुळे कोणते साधन वापरू, या प्रश्नाआधी कोणापासून लपायचे आहे हे ठरवणे आवश्यक ठरते.

अ‍ॅड ब्लॉकरपासून सुरुवात करू. एखादे बातम्यांचे पान उघडले की ब्राउझर केवळ त्या वृत्तस्थळाकडून मजकूर आणत नाही. पानातच दिलेल्या सूचनांनुसार तो जाहिरात कंपन्यांच्या अनेक सर्व्हरांकडेही विनंत्या धाडतो. पानावरील जाहिरातीच्या रिकाम्या जागेचा सेकंदाच्या एका अंशात लिलाव होतो आणि त्या लिलावात बोली लावणाऱ्यांना तुमचा आयपी पत्ता (म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक), उपकरणाचा प्रकार, अंदाजे ठिकाण, तुम्ही वाचत असलेल्या पानाचा पत्ता व तुम्हाला चिकटवलेला एक ओळख-क्रमांक पुरवला जातो. यातली लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की ही माहिती लिलाव हरणाऱ्यांनाही मिळालेली असते. अ‍ॅड ब्लॉकरकडे जाहिरात व पाळत ठेवणाऱ्या सर्व्हरांच्या याद्या असतात, त्यांतली 'ईझीलिस्ट' ही सर्वांत परिचित. यादीतल्या पत्त्याकडे जाणारी विनंती ब्राउझरमधून बाहेर पडण्याआधीच तो रोखतो. म्हणजे जाहिरात बाजाराला तुमचा माग फारसा लागत नाही. परंतु ज्या संकेतस्थळावर तुम्ही खाते उघडून लिहिता, त्याला तुमचा आयपी पत्ता, वेळ, नोंदणीचा मोबाइल क्रमांक हे सर्व पूर्वीसारखेच दिसत राहते.

तरीही अ‍ॅड ब्लॉकर काढू नका, कारण त्याचा खरा उपयोग सुरक्षेसाठी आहे. मार्च २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि बीबीसीसारख्या मातब्बर संकेतस्थळांवरून जाहिरातींच्या वाटेने खंडणीखोर सॉफ्टवेअर पसरवले गेले होते. त्या संस्थांचे सर्व्हर कोणी फोडले नव्हते, बिघडलेली जाहिरात लिलावातून रीतसर आली होती. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने शोधनिकालांतील बनावट जाहिरातींपासून सावध करताना अ‍ॅड ब्लॉकर वापरण्याचा सल्ला नागरिकांना जाहीरपणे दिला. मात्र कोणता ब्लॉकर बसवता याकडे नीट पाहावे. भेट दिलेल्या प्रत्येक पानावरील मजकूर वाचण्याची व बदलण्याची परवानगी हे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेले पूरक साधन, मागते. सावकाराच्या हाती तिजोरीची किल्ली द्यावी तसा हा प्रकार आहे. 'नॅनो अ‍ॅडब्लॉकर' नावाचे लोकप्रिय एक्स्टेन्शन २०२० मध्ये त्याच्या मूळ कर्त्याने विकले आणि नव्या मालकांनी त्यात वापरकर्त्यांची माहिती उचलणारा कोड घातला. रेमंड हिल यांचा 'यूब्लॉक ओरिजिन' मी स्वतः वापरतो. तो फायरफॉक्सवर पूर्ण क्षमतेने चालतो, पण क्रोमने एक्स्टेन्शनांचे नियम बदलल्यामुळे २०२५ पासून तिथे त्याची कमी ताकदीची 'लाइट' आवृत्तीच वापरता येते. ज्या कंपनीचे मुख्य उत्पन्न जाहिरातींचे आहे तिनेच ब्राउझर बनवावा आणि त्यात कोणता ब्लॉकर चालेल हेही ठरवावे, यातले हितसंबंध वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी.

इन्कॉग्निटोबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. घरात त्याच संगणकावर बसणाऱ्या दुसऱ्या माणसाला तुमचा इतिहास दिसू नये, एवढेच तिचे काम आहे. या खिडकीतही आपली माहिती गोळा होते, अशा तक्रारीवरून अमेरिकेत २०२० साली गूगलवर दावा लागला आणि २०२४ च्या तडजोडीत कंपनीने जुना साठा नष्ट करण्याचे मान्य केले.

व्हीपीएनबाबत मात्र थोडे थांबावे लागेल, कारण याविषयी मुंबईत सर्वाधिक गैरसमज मला आढळतो. व्हीपीएन घेतल्याने तुमच्या इंटरनेट पुरवठादाराला तुम्ही कुठे जाता ते दिसेनासे होते, पण ते आता व्हीपीएन कंपनीला दिसू लागते. विश्वास एका दुकानातून उचलून दुसऱ्या दुकानात ठेवला, एवढाच फरक पडतो. शिवाय केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन सेवा देणाऱ्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते, संपर्क क्रमांक आणि त्यांना दिलेले आयपी पत्ते पाच वर्षे जपून ठेवणे बंधनकारक आहे. यामुळेच एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क व नॉर्डव्हीपीएन यांनी आपले भारतातले सर्व्हर हलवले. वर्षाचे पैसे तुम्ही यूपीआयने किंवा स्वतःच्या कार्डाने भरले असतील, तर त्या कंपनीपुरत्या तरी तुम्ही निनावी नाहीत.

यापुढची पायरी म्हणजे टॉर हे ओळख झाकण्यासाठीचे जाळे. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत नव्वदच्या दशकात जन्मलेल्या कल्पनेवर ते उभे आहे. तुमची विनंती तीन टप्प्यांच्या सर्व्हरांतून जाते आणि त्यांपैकी कोणालाही 'कोण' व 'कुठे' ही दोन्ही टोके एकत्र दिसत नाहीत. तंत्र म्हणून ते उत्तम आहे. तरीही डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात टॉरमधून बॉम्बची खोटी धमकी धाडणारा विद्यार्थी लवकरच सापडला, कारण त्या वेळी विद्यापीठाच्या वायफायवरून टॉर वापरणारे मोजकेच होते आणि चौकशीला सुरुवात तिथूनच झाली. त्याचे कृत्य निंद्यच होते, पण यातला धडा प्रामाणिक माणसालाही लागू पडतो. निनावीपणा गर्दीवर अवलंबून असतो. तुमच्यासारखे दिसणारे किती जण आहेत, यावर तुमचे झाकलेपण ठरते. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २०१० साली केलेल्या प्रयोगात तपासलेल्या ब्राउझरांपैकी ८३.६ टक्के ब्राउझर फॉन्ट, पडद्याचा आकार, प्लगइन यांच्या जोडणीवरून एकमेवाद्वितीय ठरले होते, त्यासाठी कुकीची, म्हणजे संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणेचीही गरज पडली नव्हती.

आता तुमच्या प्रकरणाकडे येतो. तुमच्या सोसायटीत समजा चाळीस सदनिका आहेत. त्या चाळीसांपैकी निविदांची कागदपत्रे पाहिलेले चार-पाच, त्यांत आक्षेप घेणारे दोन-तीन. इथे गर्दीच नाही. कमिटीला तुमचा आयपी पत्ता शोधावा लागत नाही, मजकूर वाचला की पुरे होते.

माझ्यापर्यंत येणाऱ्या अशा प्रकरणांत माणूस उघडा पडतो तो बहुधा कागदामुळे. सभासदाने सोसायटीच्या कार्यालयात अर्ज दिला की त्याच्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक व तारीख पडते. त्या प्रतीचा फोटो कोणी इंटरनेटवर टाकतो, नाव-सदनिका क्रमांकावर काळी पट्टी ओढतो आणि कोपऱ्यातला आवक क्रमांक तसाच राहतो. सेक्रेटरीने आवक नोंदवही उघडली की विषय संपला. पीडीएफमध्ये ओढलेली काळी पट्टी पुष्कळदा नुसती वर ठेवलेली असते, खालचा मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवला तर जसाच्या तसा उमटतो. फाइलच्या गुणधर्मांत ती बनवणाऱ्या संगणकाच्या मालकाचे नाव असू शकते, तर मोबाइलने काढलेल्या मूळ फोटोत ठिकाण व वेळ. २०१२ साली फरारी असलेले अँटिव्हायरस उद्योजक जॉन मॅकॅफी ग्वाटेमालात असल्याचे उघड झाले ते एका मासिकाने छापलेल्या फोटोतील अशा माहितीमुळेच. म्हणून कागद दाखवायचाच असेल तर त्यातील आवश्यक ओळी नव्याने टंकलिखित करून द्याव्यात, मूळ प्रतीचे चित्र देऊ नये.

दुव्यांचीही अशीच गोष्ट आहे. बिल्डरकडून एसएमएसने आलेल्या दुव्याच्या शेवटी अक्षरांचे एक शेपूट असते आणि ते प्रत्येक सभासदासाठी वेगळे असू शकते. तो दुवा टॉरमधून उघडला तरी कोणी उघडला ते कळतेच. यूट्यूब किंवा इन्स्टाग्रामवरून 'शेअर' करून घेतलेल्या पत्त्यालाही असेच शेपूट लागते. ते छाटून मगच तो कुठे चिकटवावा.

खाते उघडताना स्वतःचा नेहमीचा मोबाइल क्रमांक दिला, तर ते संकेतस्थळ 'तुमच्या ओळखीचे असू शकतील' अशा यादीत तुमचे नवे खाते शेजाऱ्यांपुढे नेऊन ठेवू शकते, कारण तुमचा क्रमांक त्यांच्या फोनमधल्या संपर्कयादीत आहे. तो क्रमांक यूपीआयला जोडलेला असेल तर कोणत्याही यूपीआय अ‍ॅपमध्ये टाकला की पूर्ण नाव पुढे येते. यावर दुसऱ्याच्या नावाचे सिम घेण्याचा सल्ला काही हुशार मंडळी देतात, तो मुळीच मानू नये. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानुसार तोतयेगिरीने सिम मिळवणे हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा किंवा पन्नास लाख रुपयांपर्यंत दंडाचा गुन्हा आहे. निविदांतला घोळ बाजूला राहील आणि आरोपी तुम्ही व्हाल.

भाषेविषयी एकच सांगतो. सर्वसाधारण सभेत तुम्ही ज्या शब्दांत आक्षेप नोंदवला, तेच शब्द इतिवृत्तात उतरलेले असतात, आणि व्हॉट्सअ‍ॅप गटात तुम्ही कसे लिहिता ते सगळ्यांना पाठ असते, त्यामुळे लिहिण्याच्या लकबीवरूनही तुम्ही ओळखू येता.

दुसरा प्रश्न कायद्याचा. मी वकील नाही, त्यामुळे नोटीस आलीच तर आधी वकील गाठावा. पण नाव बाहेर येण्याची वाट कशी असते ते तंत्राच्या बाजूने सांगता येईल. बदनामी हा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. तो अदखलपात्र असल्याने बिल्डरला त्यासाठी दंडाधिकाऱ्याकडे तक्रार न्यावी लागते. लेखकाचे नावच ठाऊक नसेल तर तो दिवाणी दावा लावतो, आणि अज्ञात प्रतिवादीला आपल्याकडच्या कोर्टांत 'अशोक कुमार' म्हणण्याची प्रथा आहे. या अशोक कुमारचा तपशील द्या, असा आदेश कोर्ट संकेतस्थळाला देऊ शकते. संकेतस्थळाने आयपी पत्ता व वेळ दिली की पुढचा दरवाजा दूरसंचार कंपनीचा. मोबाइल इंटरनेटवर एकच जुन्या पद्धतीचा आयपी पत्ता एका वेळी पुष्कळ ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे त्यांतली एकेक जोडणी वेगळी ओळखणारा पोर्ट क्रमांक व नेमकी वेळ लागते, नव्या आयपीव्ही६ पद्धतीत ती अडचणही बरीच कमी झाली आहे. डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटींत झालेल्या बदलानुसार या नोंदी किमान दोन वर्षे ठेवाव्या लागतात. म्हणजे भारतात सामान्य ग्राहकाचा निनावीपणा हा मधल्या कंपन्यांच्या मर्जीवर व कोर्टाच्या विवेकावर उभा आहे, स्वतःच्या बळावर नाही. सत्य आणि लोकहितार्थ केलेले विधान हा बदनामीला अपवाद आहे, आणि तुमचे खरे संरक्षण व्हीपीएनपेक्षा त्यात अधिक आहे.

निनावी लिहिणे हा मुळातच भेकडपणा आहे, असेही तुमच्या कमिटीतले कोणी म्हणेल. मराठी पत्रसृष्टीचा इतिहास त्याला दुजोरा देत नाही. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते आणि १८४८ पासून मुंबईच्या 'प्रभाकर'मध्ये भाऊ महाजनांनी त्यांची पत्रे 'लोकहितवादी' या सहीने छापली. ब्राह्मणवर्गाला त्यांनी जे सुनावले ते खऱ्या नावाने त्या काळी सुनावता आले असते असे मला वाटत नाही. त्याच इतिहासात दुसरी बाजूही आहे. जून १८९७ मध्ये 'केसरी'त शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेले काव्य छापले गेले, त्याखाली भवानी तलवारीची खूण एवढीच सही होती. कवीवर नव्हे, तर ते छापणाऱ्या टिळकांवर मुंबई उच्च न्यायालयात राजद्रोहाचा खटला चालला आणि त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. लेखक झाकलेला असला की सत्ता छापणाऱ्याची मान धरते. आजच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ७९ हे याच ठिकाणी महत्त्वाचे ठरते, कारण दुसऱ्यांनी लिहिलेल्या मजकुराबद्दल संकेतस्थळाला ते सशर्त अभय देते. हे अभय जितके पातळ होईल तितकी संकेतस्थळे घाबरून मजकूर आधीच उतरवू लागतील.

२४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात याच कायद्यातील, इंटरनेटवरील आक्षेपार्ह मजकुराला गुन्हा ठरवणारे कलम ६६-अ रद्द केले आणि त्याच निकालात असेही ठरवले की कोर्टाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना मिळाल्याशिवाय मजकूर काढण्याची सक्ती संकेतस्थळावर येत नाही. हा खटला उभा राहिला तो नोव्हेंबर २०१२ मधील पालघरच्या दोन तरुणींच्या अटकेमुळे. एकीने मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिले होते आणि दुसरीने त्याला पसंती दिली होती, दोघींनीही स्वतःच्या नावाने. नाव दिले म्हणजे माणूस सुरक्षित राहतो, या समजुतीला एवढे उदाहरण पुरेसे आहे. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सरकारविषयीचा मजकूर खोटा आहे का हे ठरवणाऱ्या केंद्र सरकारच्या तथ्य-तपासणी कक्षाची तरतूदही घटनाबाह्य ठरवली.

प्रत्येकाचे ओळखपत्र घेऊनच लिहू द्यावे, हा उपाय दक्षिण कोरियाने करून पाहिला आहे. मोठ्या संकेतस्थळांवर खऱ्या नावाची सक्ती तिथे २००७ मध्ये आली, २०११ मध्ये एका कंपनीकडून साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली आणि २०१२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती सक्ती रद्द केली. मुखवट्याआडून बायकांना घाणेरडे लिहिणारे आहेत हे मलाही दिसते, पण त्यांना पकडण्याची वाट वर सांगितलीच आहे आणि ती आजही उघडी आहे.

राहिला तिसरा प्रश्न. वाचकाने स्वतःच्या यंत्रावर काय उतरवायचे नाही हे ठरवण्यात मला काही गैर वाटत नाही. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानेही एप्रिल २०१८ मध्ये अ‍ॅक्सेल श्प्रिंगर या प्रकाशनसमूहाच्या दाव्यात अ‍ॅडब्लॉक प्लस ही अनुचित स्पर्धा नाही असेच ठरवले. हा निर्णय वाचकाऐवजी इंटरनेट पुरवठादार घेऊ लागला तर मात्र माझा विरोध राहील. २०१५ मध्ये कॅरिबियन बेटांवरील डिजिसेल या मोबाइल कंपनीने थेट आपल्या नेटवर्कवरच जाहिराती अडवण्याचे जाहीर केले आणि जाहिरात कंपन्यांनी त्याबद्दल पैसे मोजावेत अशी अपेक्षा ठेवली. वाचकाच्या नावाने केलेली ती जकातवसुलीच होती.

लहान मराठी वृत्तस्थळांचे उत्पन्न बुडते ही तुमची टोचणी मात्र खरी आहे आणि तिला मी कमी लेखत नाही. प्रत्येक ब्लॉकरमध्ये ठराविक स्थळापुरती सूट देण्याची सोय असते, ती जरूर वापरा. परंतु त्यांच्या हाती पडणारा वाटा लिलावातल्या मध्यस्थांची कमिशने वजा होऊनच येतो, त्यामुळे त्यांनी वर्गणी ठेवली असेल तर ती भरणे अधिक उपयोगाचे आहे. यात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. मोठे जाहिरातदार आपली जाहिरात कोणत्या शब्दांच्या शेजारी येऊ नये याच्या याद्या देतात, आणि मृत्यू, घोटाळा, आंदोलन अशा विषयांच्या बातम्यांना त्यामुळे जाहिराती कमी मिळतात. या शहरात तर जाहिरातींचा मोठा पुरवठादार बिल्डरच आहे, आणि तुम्हाला लिहायचे आहे तेही बिल्डरबद्दल. जे स्थळ वर्गणीवर चालते तिथे तुमचा मजकूर टिकण्याची शक्यता जास्त.

तुमच्या जागी मी असतो तर इंटरनेटवर निनावी लिहिण्यापासून सुरुवात केली नसती. पुनर्विकासाची प्रक्रिया कशी पार पाडावी, याचे राज्य सरकारचे ४ जुलै २०१९ चे निर्देश आहेत. त्यांतली कोणती पायरी वगळली गेली ते मुद्देसूद लिहून, शक्य तितक्या सभासदांच्या सह्या घेऊन सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे अर्ज द्यावा. अर्जावर आठ-दहा नावे असली की एकट्याला वेचून काढणे अवघड जाते, वर सांगितलेली गर्दी ती हीच. त्यानंतर त्या अर्जाच्या आधारे पत्रकाराशी बोलावे. आपल्याकडे पत्रकाराला आपला स्रोत गुप्त ठेवण्याचे सर्वंकष कायदेशीर संरक्षण नाही, १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्यातील तरतूद कौन्सिलपुढील कामकाजापुरतीच आहे. पण अर्ज आधीच उपनिबंधकांच्या कार्यालयात दाखल असेल तर तो पाहिलेली माणसे वाढतात, आणि बातमीचा उगम म्हणून फक्त तुमच्याकडे बोट दाखवता येत नाही. पत्रकाराशी बोलणे सिग्नल या संदेशाच्या अ‍ॅपवर, संदेश आपोआप पुसले जाण्याची मुदत लावून करावे, आणि ते नोकरीच्या ठिकाणच्या संगणकावरून किंवा वायफायवरून करू नये.